किशनरावांची टाकी आणि धोंडीबाची काठी

राणीसावरगावात किशनरावांच्या घरची संडासाची सेफ्टी टाकी कधी उपसायची, हे ठरवायला ना इंजिनिअर लागायचा ना नाक. ते पंचांगात लिहिलेलं असायचं. धोंड्याचा महिना लागला की लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि जावई यायच्या आधी टाकी उपसायची. अधिक मास तीन वर्षांनी एकदा येतो, म्हणून टाकीही तीन वर्षांनी एकदा रिकामी व्हायची. गंगाखेडहून उपसायची गाडी पाइपाचं वेटोळं घेऊन वेशीत शिरली की पारावरची माणसं म्हणायची, "किशनरावच्या घरी डाळ शिजायलीय वाटतं." आणि खरंच शिजत असायची.

या टाकीविषयी किशनरावांनी गावाला जे सांगून ठेवलं होतं ते असं. लेक वैष्णवीच्या लग्नाच्या साली ती खणली. वीस फूट. खणणाऱ्यांची भाकर सकाळी दोरीला बांधून सोडली तर खाली पोचेपर्यंत दुपार व्हायची आणि वरून गरम सोडलेलं पिठलं खाली गारढोण व्हायचं. शेवटच्या दिवशी कुदळीचा आवाज यायचा बंद झाला आणि खालून कानडी बोलणं ऐकू यायला लागलं, तेव्हा कुठं काम थांबवलं. "अख्खा परभणी जिल्हा बसंल हीच्यात," किशनराव सांगायचे. "एक जिंतूर तेवढं बाहेर ऱ्हाईल. जागा न्हाई म्हणून न्हाई, लांब पडतंय म्हणून."

मग एवढी मोठी टाकी तीन सालाला उपसता कामून, असं कुणी विचारलं, तर त्यालाही उत्तर होतं. "टाकीसाठी कोण उपसायलंय? जावयाच्या इज्जतीसाठी उपसतो."

ही इज्जत मास्कच्या साली बुडाली.

त्या साली धोंडा आश्विनात आला होता. किशनरावांचा मुलगा माऊली पुण्यातलं काम सुटून बायको रुपाली आणि दोन पोरींना घेऊन गावी परतला होता. दोघांच्या घरात आता सहा माणसं झाली होती. गाडी सकाळीच टाकी उपसून गेली होती, झाकण हवेला उघडं होतं, आणि जावई आदिनाथ, वैष्णवी आणि त्यांची दोन वर्षांची अर्पिता परभणीहून मोटारसायकलवर येऊन उतरले.

आदिनाथ पाणीपुरवठ्याच्या कामावर ओव्हरसियर. बोलणं कमी, मोजणं फार. बसायला दिलेली बाजसुद्धा तो आधी वितीनं मोजायचा. लग्नात समोर अंतरपाट धरला होता, तेव्हा नवऱ्यामुलाचं लक्ष नवरीकडं नव्हतं, अंतरपाट किती बाय किती आहे याच्याकडं होतं, असं वैष्णवीच सांगते.

उघडं झाकण बघितलं आणि त्याचे हात शिवशिवले. गोठ्यातून त्यानं एक जुनी वेळूची काठी आणली, माणसापेक्षा वीतभर उंच, तिच्या बुडाला पांढरं फडकं गुंडाळलं आणि टाकीत सोडली. टक्क आवाज आला. आळीतली दहा-बारा माणसं गाडी बघायला जमली होती, ती अजून पांगली नव्हती.

"मामा," आदिनाथ म्हणाला, "पाच फूट."

"काय पाच फूट?"

"टाकी. पाच फूट दोन इंच."

गर्दीच्या मागं, टाकी दिसत नव्हती तिथं, धोंडीबा उभा होता. शेजारचा मेंढरं-शेळ्यावाला, किशनरावांच्या बरोबरीचा, लहानपणापासून एकमेकांच्या खोड्या काढण्यात दोघांचे केस पिकलेले. तो म्हणाला, "अन् बाकीचे पंधरा फूट कुटं गेले?"

"कर्नाटकात," कुणीतरी मागून बोललं, आणि आळीभर हशा झाला. हसत हसत धोंडीबा आपल्या शेळ्यांकडं निघून गेला.

आदिनाथचं तिकडं ध्यान नव्हतं. त्यानं खिशातल्या चाकूनं काठीला बुडापासून पावणेदोन फुटांवर एक खाच पाडली. "मामा, ही काठी जपून ठेवा. सालातून एकदा फडकं बांधून बुडवायची. काळा गाळ ह्या खाचेपर्यंत चढला की गाडी बोलवायची, मग महिना कोणता का असंना. धोंड्याची वाट बघू नका. तवा तुमी दोघं होता, आता घर भरलंय."

किशनरावांनी "बरं" म्हटलं. जावई होता, आणि आत पुरण वाटून झालं होतं.

पंगत बसली. किशनरावांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, जावयापुढं तेहतीस धोंड्यांचं ताट ठेवलं, बाजूला कपडे, चांदीची निरांजनं. आदिनाथनं पहिला घास घेतला. पण गाळाचा हिशोब त्याच्या डोक्यातून उतरला नव्हता. बोट वर करून तो पंगतीवर फिरवायला लागला. "एक, दोन, तीन, चार…"

"काय करायलाव पाव्हणं?" किशनरावांनी विचारलं.

"माणसं मोजायलोय. सहा माणसाला ही टाकी…"

जेवणाऱ्यांची तोंडं मोजायची नसतात. मोजली की घटतात, असं किशनरावांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं आणि तिच्या आईनं तिला. पाच फुटांचा राग होताच, त्याला आता बसायला जागा सापडली. किशनरावांनी हातातला घास ताटात ठेवला. "जावईबापू, आमच्या घरात तोंडं मोजत न्हाईत. तुमाला मोजायचीच हौस असंल तर तुमच्या हापिसातले नळ मोजा."

आदिनाथ जेवून उठला, ताट टाकलं नाही. पण तेहतीसातले बत्तीस धोंडे, कपडे आणि निरांजनं जागच्या जागी ठेवून त्यानं मोटारसायकलला किक मारली. वैष्णवीनं मागं वळून बघितलं, तेव्हा किशनराव रस्त्याला पाठ करून दाराची कडी कशी बसते ते बघत होते.

त्याच संध्याकाळी काठी धुऊन भिंतीला टेकवलेली होती. कस्तुराबाईंनी सोडा घालून तीनदा धुतली होती. किशनरावांना ती डोळ्यापुढं नको होती. धोंडीबा शेळ्या घेऊन दारावरून चालला होता, त्याला हाक मारून ते म्हणाले, "घे रं, चांगला वेळू हाय. पाव्हण्यानं तासलाय." यात एकही शब्द खोटा नव्हता.

मग पारावर जाऊन त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं, "पाव्हणा आपल्या पायानं, न बोलावता माझ्या उंबऱ्यावर येईल, तवाच त्या टाकीचं झाकण उघडंल. न्हाईतर न्हाई."

अशा रीतीनं जावयाचा रुसवा आणि टाकीचा गाळ एका कुलपात बंद झाले आणि किल्ली किशनरावांनी गिळली.

तीन वर्षांनी श्रावणातला धोंडा आला आणि गेला. जावयाला बोलावणं गेलं नाही, गाडी आली नाही. वैष्णवी भाऊबीजेला एसटीनं यायची, माऊलीला ओवाळून संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. अर्पिता तर त्या दिवसानंतर एक रात्र आजोळी झोपली नव्हती. कस्तुराबाईंच्या फोनवर तिचा आवाज यायचा. तेवढ्या वेळात किशनरावांना नेमकं दाराच्या कुलपाला तेल घालायचं असायचं, आणि फोन ठेवला की तेल संपायचं. त्या कुलपाला सहा वर्षांत इतकं तेल पाजलं गेलं की ते नुसतं दटावलं तरी उघडायचं.

यंदा ज्येष्ठाला धोंडा लागला. आणि टाकी बोलायला लागली.

आधी संडासाच्या भांड्यातून गुडगुड आवाज यायला लागला. किशनराव म्हणाले, बेडूक असंल. पाणी टाकलं की ते खाली जायच्या आधी थोडं विचार करायचं. किशनराव म्हणाले, उन्हाळा हाय, पाणी जड झालंय. न्हाणीतलं पाणी घोट्याला लागलं. तेव्हा ते म्हणाले की पोरी फार आंघोळ करतात. वास आला तर वारं गंगाखेडकडून वाहतंय म्हणाले. रुपाली सासऱ्याशी तोंड वर करून बोलत नसे, पण तिची बादली बोलायची. सकाळी ते संडासला निघाले की ती भरलेली बादली त्यांच्या वाटेत अशी आदळायची की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची.

"अवं," कस्तुराबाई म्हणाल्या, "सहा साल झालं. गाडी बोलवा."

"पंचांगात बसत न्हाई."

"धोंडा चालू हाय की!"

"धोंडा हाय, जावई कुटं हाय?"

"मग जावयाला बोलवा."

"मी न्हाई बोलवत."

"मग बसा तुंबून," म्हणत कस्तुराबाई पदर खोचून आत गेल्या.

एका गोष्टीचा मात्र किशनरावांना अभिमान वाटत होता. अख्खं गाव उन्हानं करपलं होतं आणि त्यांच्या परसात टाकीच्या कडेनं हरळी गुडघाभर वाढली होती. अळूचं एकेक पान एवढं, की त्याच्याखाली कोंबडी पिलं घेऊन दुपारची झोपायची आणि संध्याकाळी वाट चुकायची. किशनराव येणाऱ्या-जाणाऱ्याला परसात नेऊन दाखवायचे. "हाताला गुण लागतो."

धोंडीबा शेळ्या घेऊन आला, तर त्यालाही ते म्हणाले, "सोड खुशाल. चरू दे."

शेळ्या आत गेल्या, हरळीला नाक लावलं, एकमेकींकडं बघितलं आणि बाहेर आल्या.

धोंडीबा काठीवर गाल टेकवून विचार करत उभा राहिला. "किशनराव, माझी ही पांढरी शेळी बाभळीचं काटं खाती. रुईचा पाला खाती. मागच्या साली तलाठ्याची नोटीस खाऊन पचवली तिनं. तिनं तुमच्या गवताला तोंड लावलं न्हाई. तुमच्या परसात कायतरी गडबड हाय."

"तुझ्या शेळ्या माजल्यात."

"असतील. पर काठी नुसती वर केली की वळत्यात. सारं गाव म्हणतंय धोंडीबाच्या हातात मंतर हाय." त्यानं काठी वीतभर उचलली. शेळ्या सरळ रेषेत, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहाव्या तशा, वाटेला लागल्या.

धोंड्याचे आठ दिवस उरले होते, त्या दिवशी सकाळी भांड्यातलं पाणी खाली गेलं नाही. नऊ वाजले, दहा वाजले. पाणी काठाशी येऊन घरातल्यांकडं बघत बसलं. मग रुपालीनं दोन्ही पोरींचे हात धरले आणि कुणाला न विचारता धोंडीबाच्या घरचा रस्ता धरला. धोंडीबाचा संडास सरकारी, दोन खड्ड्यांचा, बारका, पण चालू. तिच्या मागून माऊली गेला. त्याच्या मागून कस्तुराबाई. किशनराव अकरापर्यंत इज्जतीवर बसून राहिले, पण इज्जतीचा पोटावर काही इलाज चालत नाही. तेही निघाले.

धोंडीबा दारात काठी घेऊन उभाच होता. "या या. वीस फुटाची टाकी सोडून गरिबाकडं?"

"बाजूला हो."

"आत आमची केवळा हाय. बायकोला घाई करता येत न्हाई मला. तवर बसा, चहा टाकायला सांगू का?"

"चहा नको!"

परत आल्यावर किशनराव बराच वेळ परसात उभे राहिले. हरळी हिरवीगार हलत होती. फरशीच्या सांध्यातून काळं पाणी झिरपत होतं, आणि त्याच पाण्यावर आपला अळू पोसलाय, हे त्यांना कळलं. शेळीला पंधरा दिवस आधी कळलं होतं. वाईट त्याचं वाटलं नाही. आज भाऊबीज असती तर वैष्णवी आली असती आणि तिला शेजाऱ्याच्या दारात न्यावं लागलं असतं, हे डोक्यात आलं. म्हणजे जी लेक सालातून एक दिवस येते, तिचा तो एक दिवससुद्धा तुंबला असता. आणि अर्पिता मोठी झाली आहे, आठ वर्षांची. अशा घरात ती कशाला राहील?

खाच कुठवर बुडाली, ते बघायला हवं होतं. त्यासाठी काठी हवी होती.

ते पुन्हा धोंडीबाच्या दारात गेले.

"आता काय?" धोंडीबा म्हणाला. "दुपारची पाळी हाय का?"

"काठी दे तुझी."

"कामून?"

"घटकाभर लागती."

"कामून लागती ते सांगा. माझी काठी मी पोटच्या लेकालासुदिक देत न्हाई. सहा साल जपलीय." त्यानं काठी छातीशी धरली आणि गाल टेकवला.

किशनरावांनी खूप खोटी कारणं आठवली. एरवी अशी वीस कारणं त्यांच्या जिभेवर दाटीवाटीनं बसलेली असायची, आज एकही पुढं आलं नाही. "तिला बुडाशी खाच हाय न्हवं?" ते म्हणाले. "ती टाकीची खाच हाय. पाव्हण्यानं पाडलेली. ही टाकीत बुडवलेली काठी हाय, धोंडीबा."

धोंडीबानं गाल उचलला. काठीकडं बघितलं. गालाला हात लावला. मग वाटेत उभ्या शेळ्यांकडं बघितलं. त्या काठीकडं बघून दोन पावलं मागं सरकल्या.

"म्हणून व्हय," तो हळूच म्हणाला.

"तीनदा सोड्यानं धुतलीय कस्तुरानं."

"शेळीचं नाक सोड्याला ऐकत न्हाई. अन् मला वाटायचं माझ्या हातात मंतर हाय!" धोंडीबानं काठी त्यांच्या पुढं आदळली. "घ्या. पर एका अटीवर. बुडवताना मी बघणार."

दोघांनी मिळून फरशीचं झाकण सरकवलं, तोंड बाजूला करून. बुडाला किशनरावांचं जुनं धोतर फाडून गुंडाळलं. काठी आत गेली आणि जिथं पाणी असायला हवं तिथंच चिखलात रुतली. जोर लावून बुडापर्यंत नेली, थोडा वेळ धरली आणि वर काढली. धोतर खाचेपर्यंत काळं होतंच. खाचेच्या वरही हातभर काळं होतं.

"खाच तर गेली," धोंडीबा म्हणाला. "आता?"

किशनरावांनी घरात जाऊन कस्तुराबाईंकडून फोन मागितला. सहा वर्षांत पहिल्यांदा. कस्तुराबाईंनी नंबर लावून दिला आणि तिथून हलल्या नाहीत. किशनरावांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला, म्हणून सगळ्यांना सगळं ऐकू आलं.

"ओव्हरसियर साहेब हायेत का?"

मग आदिनाथचा आवाज आला. "बोलायलोय. कोण?"

"राणीसावरगावचा एक नागरिक."

"काय तक्रार हाय?"

"खाच बुडली."

आदिनाथनं विचारलं, "किती वर?"

"हातभर."

"शेवटी कवा उपसली?"

"तुमाला ठाऊक हाय."

"मला ठाऊक असून चालत न्हाई, तक्रारदारानं सांगावं लागतं. घरात माणसं किती?"

कस्तुराबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. धोंडीबानं बघितलं. दाराआडून रुपालीची बादली खाली ठेवल्याचा आवाज आला, पण हळू.

किशनरावांनी फोन डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताची बोटं उघडली. "माऊली एक. सून दोन. पोरी दोन, म्हणजे चार. ही पाच. मी सहा." ते थांबले. अंगठा परत वळवला. "अन् परभणीचे तिघं. नऊ."

"परभणीचे तिघं तिथं ऱ्हात न्हाईत, मामा."

"धोंड्याचे चार दिस तर ऱ्हातील? टाकीला काय कळतंय, कोण घरचं अन् कोण पाव्हणं? समद्यांना धरूनच मोजावं लागतंय."

पलीकडून कागदावर पेन घासल्याचा आवाज आला. मग एक बारीक आवाज, पोरीचा, "कोण हाय बाबा?" आणि आदिनाथ म्हणाला, "नवाला ती टाकी पुरत न्हाई. आजच उपसावी लागंल. मी गंगाखेडला गाडीवाल्याला सांगतो अन् तिच्या मागं येतो. जागेवर पाहणी करावी लागंल."

"जावई म्हणून बोलावलेलं न्हाई मी," किशनराव घाईनं म्हणाले.

"म्हाईत हाय," आदिनाथ म्हणाला. "कपडे किती दिसाचे आणू?"

गाडी तीन वाजता आली. गाडीवाला बन्सीधर खाली उतरला, झाकणाशी जमलेल्या गर्दीला त्यानं पाइपानं मागं सारलं. "आत वाकू नका कुणी, उतरायची तर गोष्टच सोडा. आतला वायू माणूस वळखत न्हाई." मग पाइप सोडत त्यानं विचारलं, "किशनराव, मागचा धोंडा चुकवला का?"

"चुकला," किशनराव म्हणाले.

पारावरच्यांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की शब्द मोडलेला नाही. त्यांनी ओव्हरसियरला बोलावलं होतं, त्याच्याबरोबर जावई न बोलावता आला, त्याला ते काय करणार? मोटारसायकल दाराशी थांबली. मागून वैष्णवी उतरली. पुढून अर्पिता उतरली, आणि पहिल्यांदा तिनं काय केलं, तर दाराचं कुलूप हातात घेतलं. ते लगेच उघडलं. "आजोबा, ह्याला किती तेल लावलंय!" ती म्हणाली. किशनरावांना एकदम शेळ्या कुठं गेल्या ते बघावंसं वाटलं.

जेवायला बसल्यावर आदिनाथ पंगतीकडं बघत होता. बोट वर उचललं आणि परत मांडीवर ठेवलं.

"मोजा की," किशनराव म्हणाले. "आता काय ठेवलंय?"

"नऊ," आदिनाथ म्हणाला. "दुपारीच मोजली व्हती तुमी."

तेहतीस धोंडे संपले. चार दिवसांनी परभणीला निघताना आदिनाथनं नवीन काठी कापून आणली, नवी खाच पाडली आणि टाकीच्या कडेला खिळ्याला टांगली. पंचांगातून टाकी निघाली. किशनराव आता पारावर वीस फुटांचं सांगत नाहीत. आता ते सांगतात की जावयानं पाडलेली खाच इतकी बारीक आहे की ती बघायला दिल्लीहून साहेब आले होते, आणि साहेबाला चष्मा लावूनही दिसली नाही.

जुनी काठी पाहणीच्या वेळी आदिनाथनं पुन्हा आत सोडली होती, ती टाकीच्या गाळातच मोडून गेली. त्याचा त्रास धोंडीबाला झाला. पाव्हणे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून नवी वेळूची काठी आणली आणि शेळ्यांवर उगारली. पांढऱ्या शेळीनं काठीचा वास घेतला, टोक चावून बघितलं आणि शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली. तिच्या मागं बाकीच्या.

संध्याकाळी धोंडीबा किशनरावांच्या दारात उभा होता. नवी काठी हातात.

"पाव्हणं गेले का?"

"गेले. कामून?"

"काय न्हाई." त्यानं परसाकडं मान वळवली आणि काठी पुढं केली. "खाच नको मला. नुसती एकदा बुडवून द्या."